चार बोटं चरबी

मंगळवार, ३ नोव्हेंबर १९५३

ही वही फेनाने दिली. म्हणाली, "तुझी कुरकुर माझ्या कानात ओतू नकोस, पोटातलं पोर दचकतं. यात लिही." म्हणून लिहितो आहे. माझी शाळा तेराव्या वर्षी सुटली आणि मी सूतगिरणीत लागलो. पण अक्षर चांगलं आहे, आणि एखाद्या शब्दाबद्दल शंका असली तर तो मी लिहीतच नाही.

तर कुरकुर. इथे माणसं दार वाजवत नाहीत. आज सकाळी मी दाढी करत होतो, एका गालाला साबण. शेजारचा डीक्स मागच्या दाराने गोठ्यात आला, गोठ्यातून स्वयंपाकघरात आला, माझ्या खुर्चीत बसला. मी काही बोलण्याआधीच म्हणाला, "कानाखाली राहिलंय." मग माझा पाव उचलून लोणी किती लावलंय ते पाहिलं आणि खाली ठेवला. काम काहीच नव्हतं. "सहज," म्हणाला. इथे सगळे सहज येतात. एकटा मीच काही कामाने आलेला, आणि तो घरजावई म्हणून. त्यात माझं आडनावही गेलं. सगळे मला शेताच्या नावाने वेसेलिंकचा एग्बर्ट म्हणतात.

सासरे आणखी वेगळंच म्हणतात. "ए गिरणीवाल्या, परवा डुक्कर कापायचंय. गोगलगाईसारखा भिंतीला चिकटून उभा राहू नकोस, पाय धरायला ये."

फेनाचे दिवस भरत आले आहेत. त्यात डुक्कर. 

गुरुवार, ५ नोव्हेंबर

डुक्कर कापलं. मी पाय धरले. डोळे मिटून धरले, पण धरले.

नंतर ते शिडीला बांधून शिडी भिंतीला उभी केली, ते नेहमीचंच. पण सासऱ्यांनी ती सावलीतल्या भिंतीला न लावता पूर्वेच्या भिंतीला लावायला सांगितली. मी म्हणालो, "बाबा, मांसाला सावली हवी. ऊन लागेल."

"नोव्हेंबरात? अरे, सूर्यालाच थंडी वाजतेय."

"पण नेहमी तर—"

"उचल."

कारण मला ठाऊक आहे. पूर्वेला कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे हार्मेनचं अंगण. हार्मेन हा आमचा पहिला शेजारी. तीन वर्षांपूर्वी असंच डुक्कर टांगलेलं असताना तो चरबी वाखाणायला आला होता. डुक्कर टांगलं की शेजाऱ्यांनी यायचं, चरबीचा थर किती बोटं जाड ते बोटं ठेवून मोजायचं, वा वा म्हणायचं, मग घरधन्याने ब्रँडी द्यायची. डुक्कर हडकुळं असलं तरी वा वा म्हणायचं. हार्मेनने बोटं ठेवली आणि म्हणाला, "दोन." झालं, वा वा नाही की काही नाही. सासऱ्यांनी बाटलीला बूच लावलं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद, येणं-जाणं बंद. दोन बोटांपायी तीन वर्षं!

तेव्हापासून सासरे डुकराला स्वतःच्या ताटातलं घालतात. या वर्षीचं डुक्कर एवढं मोठं आहे की शिडी वाकली.

दुपारी सगळे आले. डीक्सची बायको मिना हिने एका हाताने डुकराची पाठ थोपटली आणि दुसऱ्या हाताने फेनाचं पोट. "दोन्हीकडे छान भरलंय," म्हणाली. मी लाजेने गोठ्यात गेलो. फेना मात्र हसली. गोठ्यातही दोन माणसं उभी होती, सहज.

हार्मेन त्याच्या अंगणात लाकडं फोडत होता. फोडत म्हणजे कुऱ्हाड धरून उभा होता. सासरे शिडीजवळून हललेच नाहीत. सगळे गेल्यावरही अंधार पडेपर्यंत थंडीत तिथेच, ब्रँडीची बाटली हातात घेऊन. मी आत या म्हणालो तर म्हणाले, "मांजर येईल." आमचं मांजर चुलीजवळ झोपलं होतं.

रविवार, ८ नोव्हेंबर

आज घरात भांडण. लिहूनच ठेवतो, कोण काय म्हणालं ते.

मूल व्हायचं असलं की बापाने आधी पहिल्या शेजाऱ्याकडे जाऊन सांगायचं असतं. पहिल्या घरची बाई येऊन बाळंतिणीजवळ बसते. मग तिच्या घरून पुढच्या घरी निरोप जातो, तिथून त्याच्या पुढच्या. लग्नाला हाच क्रम आणि मरणालाही हाच, तेव्हा शेजारीच येऊन आरसा झाकतात आणि घड्याळ थांबवतात. आमचं पहिलं घर म्हणजे हार्मेनचं.

जेवताना फेना म्हणाली, "एग्बर्ट, अलायदामावशीला सांगून ये. आता फार दिवस नाहीत." अलायदा म्हणजे हार्मेनची बायको.

सासऱ्यांनी काटा खाली ठेवला. "त्या घराचा पाय माझ्या घरात नको."

"बाळ माझं आहे, बाबा."

"घर माझं आहे."

"आणि उद्या तुमची वेळ आली की? पहिल्या शेजाऱ्याशिवाय कोण खांदा देणार? एग्बर्ट? तो वाटेत बुटाला चिखल लागला म्हणून थांबेल."

यावर सासरे हसले. माझ्यावर हसण्यापुरती त्यांची एकी होते. मग पुन्हा गंभीर झाले आणि म्हणाले, "नाही म्हणजे नाही. गिरणीवाल्या, ऐकलंस ना?"

मी ऐकलं म्हणालो. फेनाकडे बघून मान हलवली, तीही हो अशीच. आता दोघांनाही वाटतं आहे की मी त्यांच्या बाजूने आहे.

फेनाचा हट्ट मला पूर्ण कळत नाही. तिची आई ती अकरा वर्षांची असताना गेली. तेव्हा अलायदाने वर्षभर रोज येऊन तिच्या वेण्या घातल्या म्हणे. ते ठीक. पण आता ती बाई करते काय? हेरगिरी. तिची खिडकी आमच्या खिडकीसमोर. फेनाने बादली उचलली की तिकडचा पडदा हलतो. फेना चुलीजवळ बसली की पडदा पडतो. मी म्हणालो, आपण जाड कापड लावू या. फेना म्हणाली, "खबरदार." उलट संध्याकाळी दिवा टेबलावर ठेवायचा तर ती खिडकीतच नेऊन ठेवते, आणि मला अंधारात जेवावं लागतं.

आणि म्हातारे. दूध काढून झालं की रोज सकाळी दोघं कुंपणाशी येतात, एक अलीकडे, एक पलीकडे. पाठीकडे पाठ करून पाइप ओढतात. एक शब्द नाही. द्वेषसुद्धा असा रोज ताजा करावा लागतो की काय? मागे हार्मेनला खोकला झाला होता, तो आला नाही. सासरे पाइप विझल्यावरही तिथेच उभे. शत्रू आजारी पडल्याचा आनंद घेत असावेत. घरी येऊन मात्र धड जेवले नाहीत.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज मी अलायदाकडे निघालो होतो. सासरे बीट आणायला गेले होते. काय बोलायचं ते पाठ केलं होतं: "अलायदाबाई, आमच्या घरी मूल होणार आहे, आपण यावं." कुंपणापर्यंत पोचलो. ती पलीकडे टेबलावरचं कापड झटकत होती. झटकायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "वारा सुटलाय."

ती म्हणाली, "सुटलाय खरा." आणि थांबली.

मी म्हणालो, "पाऊस येईल."

"येईल."

मग मी परत आलो. ती बराच वेळ तिथेच होती, रिकामं कापड झटकत.

फेनाने विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "बोलणं झालं." हे खोटं नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

पहाटे फेनाला कळा आल्या. मी सायकलवरून सुईणीकडे गेलो, बूट उलटसुलट घालून. सुईण निघाली. परत येताना वाटेत हार्मेनचं फाटक लागलं. धुराड्यातून धूर येत होता, सगळे जागे होते. मी उतरलो. तेवढ्यात आमच्या अंगणात सासरे कंदील घेऊन उभे दिसले. मी पुन्हा सायकलवर बसलो आणि सरळ डीक्सकडे गेलो. बाई तर हवीच ना घरात. मिना काय वाईट?

मिनाने ऐकलं आणि लगेच एप्रन बांधायला घेतला. गाठ मारता मारता म्हणाली, "अलायदा पोचली असेल एव्हाना."

मी माझे उलटे बूट बघत राहिलो.

"एग्बर्ट. हार्मेनकडे सांगितलंस ना आधी?"

"त्याचं असं आहे मिनाबाई, बाबांनी—"

तिने एप्रनची गाठ सोडली. रागाने नाही, सावकाश. एप्रन खिळ्याला टांगला. "मग मी कशी येऊ रे बाळा? पहिल्या घराच्या डोक्यावर पाय देऊन? उद्या अलायदाला तोंड काय दाखवू?"

डीक्स चुलीकडे बघत म्हणाला, "काय करून बसलास, लेका."

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. सुईण चांगली होती पण घाईत होती, तिला आणखी एक घर होतं. मुलगी लाल आहे आणि फार बारीक. मी तिची बोटं मोजली. सगळी आहेत.

रविवार, १५ नोव्हेंबर

शांतता. काय ही शांतता! दाढी केली, कोणी आलं नाही. पाव खाल्ला, लोणी कोणी तपासलं नाही. माझ्या खुर्चीत मी बसलो. लग्नापासून पहिल्यांदाच हे घर मला माझं वाटलं.

माळ्यावरून खुर्च्या खाली आणून ठेवल्या आहेत, बाळ बघायला येणाऱ्यांसाठी. ब्रँडीत मुरवलेल्या बेदाण्यांची बरणी, बडीशेपेच्या गोळ्या, टोस्टचा डबा, सगळं मांडलं. येतील तेव्हा येतील. उशिरा आले तर बरंच.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

कोणीही आलेलं नाही.

डीक्स गाडी घेऊन रस्त्याने गेला. आमच्या घरासमोरून जाताना घोड्याच्या कानांकडे असा बघत होता, जसे काही ते आजच उगवले आहेत. डेअरीच्या गाडीवाल्याने रिकामे डबे बाहेरच ठेवले. रिकाम्या खुर्च्या भिंतीला ओळीने उभ्या आहेत, मी त्या सरळ करतो, मग पुन्हा करतो. बरणीचं झाकण मी एकदा उघडून बंद केलं, अडकलं आहे की काय म्हणून.

पहिल्या बाळाला शेजारी मिळून बेदाण्यांचा लांब पाव आणतात, शिडीवर घालून. पाव आला नाही तर मूल गावात मोजलं जात नाही. कायद्याने मोजलं जातं. नोंद मी स्वतः करून आलो. पण इथे कायद्याला कोण विचारतं? उद्या ही मुलगी शाळेत जाईल, तिला कोणी हाक मारेल की घोड्याच्या कानांकडे बघेल?

फेना रडत नाही, तेच वाईट आहे. भिंतीकडे तोंड करून पडून असते. दूध नीट येत नाही म्हणून बाळ किंचाळतं. खिडकीतला दिवा तिने लावायला सांगितला नाही. समोरचा पडदाही हलत नाही. हवं होतं तेच झालं आहे, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

सासरे माझ्यावर खेकसले, "सूप खारट झालंय." सूप त्यांनीच केलं होतं. आज सकाळी ते कुंपणाशी गेले तर पलीकडे हार्मेन नव्हता. कालही नव्हता. खोकला वगैरे काही नाही, लाकडं फोडल्याचा आवाज येत होता.

संध्याकाळी फेना म्हणाली, "तू मला सांगितलंस बोलणं झालं."

मी म्हणालो, "वाऱ्याबद्दल झालं."

तिने बाळाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "उद्या तू नाही गेलास तर मी जाते. बाळ घेऊन, चिखलातून, अशीच. बाबांना काय करायचं ते करू देत."

तिला अजून उभंही राहता येत नाही. जाईन मी. उद्या जाईन.

बुधवार, १८ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

रात्रभर विचार केला. मागच्या दाराने रोजची माणसं जातात. मी माफी मागायला जाणार, तर मान राखूनच जायला हवं. म्हणून लग्नातला काळा सूट घातला, काळी टोपी घातली, बूट पुसले. कुंपणातून न जाता रस्त्याने गेलो. आणि हार्मेनच्या पुढच्या दाराची कडी वाजवली.

पुढच्या दाराबद्दल मला माहीत होतं. ते नवरीसाठी असतं आणि शवपेटीसाठी. माहीत होतं, पण ते माझ्या दाराबद्दल माहीत होतं. दुसऱ्याच्या दारात सूट घालून उभं राहिल्यावर माणूस कसा दिसतो, हे डोक्यातच आलं नाही.

आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. अडसर काढायला वेळ लागला, ते दार कित्येक वर्षांत उघडलेलं नसावं. अलायदा दारात. माझा सूट बघितला आणि तिचा चेहरा पिठासारखा झाला.

मी पाठ केलेलं म्हणालो, "अलायदाबाई, मी आधीच यायला हवं होतं. आता फार उशीर झालाय. माफ करा."

तिने माझ्या सुटाची कॉलर धरली. "कोण? पोरगी की बाळ?"

मला वाटलं, कोणी पाठवलं असं विचारते आहे. म्हणालो, "फेना." आणि मान राखायला टोपी काढली.

ती ओरडलीही नाही. मला बाजूला सारून निघाली, मागच्या अंगणातून, सरळ कुंपणातून. कुंपणातून म्हणजे कुंपण मोडून. एक लाकडी बूट चरात राहिला. हार्मेन आतून आला. त्याने टोपी काढली. माझ्या खांद्यावर हात ठेवला, जड, बराच वेळ. मग म्हणाला, "घरी जा, पोरा. पुढचं सगळं आता माझ्याकडे." आणि डीक्सच्या घराकडे चालू लागला.

माझा जीव एवढा हलका झाला! किती सहज क्षमा केली, असं वाटलं. मी रस्त्याने सावकाश घरी आलो, बूट जपत.

घरात फेनाच्या पलंगापाशी अलायदा गुडघ्यांवर बसलेली, फेनाला घट्ट धरून. दोघी हमसून हमसून रडत होत्या, आणि मध्ये चेंगरलेलं बाळ. अलायदा फेनाच्या केसांवरून, गालांवरून, हातांवरून हात फिरवत होती, जशी काही मोजून घेते आहे. मी म्हणालो, "बघ फेना, आल्या की नाही?" दोघींनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सासरे गोठ्याच्या दारात उभे, दूध काढायची बादली उलटलेली. अलायदा त्यांच्या अंगावरून धावत गेली होती. त्यांनाही वाटलं, आत काही झालं आणि तिला आधी कळलं. आत यायला पाय उचलत नव्हते. मी म्हणालो, "बाबा, काळजी करू नका, मी सगळं मिटवून आलो."

तेवढ्यात मागच्या दाराने सगळे आले. हार्मेन पुढे, मागे डीक्स आणि मिना, तिघंही काळ्या कपड्यांत. मिनाच्या हातात आरसा झाकायचं कापड. डीक्स कोणाकडे न बघता सरळ घड्याळापाशी गेला, काच उघडली आणि लंबक धरला. घर एकदम गप्प झालं.

आणि बाळ किंचाळलं.

आतून फेनाचा आवाज आला, "डीक्सकाका, घड्याळ का बंद केलं?"

डीक्सच्या हातातून लंबक सुटला. तो म्हणाला, "म्हणजे मग... गेलं कोण?"

सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "कोणीच नाही. मी माफी मागायला गेलो होतो."

"पुढच्या दाराने?" मिना म्हणाली.

"मान राखावा म्हणून."

"काळ्या सुटात?"

"माझ्याकडे एकच सूट आहे."

मिना खुर्चीत बसली, माळ्यावरच्या खुर्चीत, आणि कापडात तोंड खुपसलं. मला वाटलं रडते आहे. हसत होती. हसता हसता रडायलाही लागली. डीक्सने मला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. शब्द मला माहीत आहे, पण तो लिहिण्याजोगा नाही.

हार्मेन आणि सासरे समोरासमोर उभे होते. हार्मेनचा श्वास अजून चढलेला. म्हणाला, "वोल्टर, मला वाटलं..."

"मलाही," सासरे म्हणाले. मग इकडेतिकडे बघून त्यांनी पायाने एक खुर्ची पुढे ढकलली. "बस."

तीन वर्षांनी बोलणं, आणि ते एवढंच. हार्मेन बसला.

"कॉफी मिळेल का," मिनाने डोळे पुसत विचारलं, "की तीही काळा सूट घालून आणायची असते?"

गुरुवार, १९ नोव्हेंबर

अलायदा पहाटेच आली. तिने मला बाळाचे कपडे नीट पिळता येत नाहीत असं सांगितलं, सूप ओतून दिलं, खिडकीची जागा बदलता आली असती तर तीही बदलली असती. फेना दोन वाट्या जेवली. दूध आलं.

घड्याळ मागे पडलं आहे. मी लावायला गेलो तर अलायदा म्हणाली, "राहू दे, कोणाला घाई आहे?"

शनिवार, २१ नोव्हेंबर

आज पाव आला. शिडीवर, पांढऱ्या कापडात, पुढे हार्मेन, मागे डीक्स. त्यांच्या मागे सगळी घरं, क्रमाने. दार कोणीही वाजवलं नाही. पाव एवढा लांब की गोठ्यातून स्वयंपाकघराकडे वळेना. डीक्स "मागे घ्या, मागे घ्या" ओरडत असताना आमच्या करड्या गाईने मागचं टोक खाल्लं, बेदाण्यांसकट. मी सांगायला गेलो तर हार्मेन म्हणाला, "घरातलीच आहे ती, खाऊ दे."

खुर्च्या कमी पडल्या. माझ्या खुर्चीत मिना. बरणी संपली, टोस्ट संपले, फरशीभर बडीशेपेच्या गोळ्या, पाय ठेवला की कुरकुरतात. उघड्या दारापाशी लाकडी बुटांचा ढीग, त्यात कोणाचा कोणता हे देवालाच ठाऊक.

मग बाळ बघायची वेळ आली. पहिला मान हार्मेनचा. बाळ बघून कौतुक करायचं असतं, डुकरासारखंच. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या हातात बाटली होती आणि अंगठा बुचावर. मी मनात म्हणत होतो, वा वा म्हण, एकदाच म्हण, तुझं काय जातं?

हार्मेन पाळण्यावर वाकला. खूप वेळ बघितलं. सरळ झाला आणि म्हणाला, "बारीक आहे."

सासऱ्यांचा अंगठा बुचावरच.

"हो," सासरे म्हणाले. "बारीकच आहे."

"फेनाही अशीच होती. मुठीएवढी."

"अशीच होती. तूच आणला होतास पाव."

"मीच." हार्मेनने नाक ओढलं. "भरेल."

"भरेल." सासऱ्यांनी बूच काढलं आणि पेला काठोकाठ भरला, सांडेपर्यंत. आत अलायदाने फेनाच्या अंगावरची शाल नीट केली आणि मोठ्याने म्हणाली, "चला, आता रांगेने या सगळे, धक्काबुक्की नको!"

मला दिवा धरायला तळघरात बोलावलं. दोघं म्हातारे मिठाच्या पिंपावर वाकलेले. सासऱ्यांनी डुकराची एक बाजू वर काढली. हार्मेनने बाही वर केली आणि बोटं ठेवली.

"चार."

"नीट बघ. पाच."

"चार, वोल्टर."

"तुझी बोटं जाड झालीत म्हाताऱ्या, पूर्वी अशी नव्हती."

"बोटं तीच आहेत. चरबी चार आहे."

"गिरणीवाल्या, तू ठेव बोटं!"

मी ठेवली. खरं सांगायचं तर साडेचार होती, पण कोणाच्या बाजूने बोलावं ते कळेना, म्हणून "मीठ फार आहे" म्हणालो. दोघंही माझ्यावर ओरडले. वर आले तेव्हाही भांडत होते. पुन्हा तीन वर्षं अबोला, असं मनाशी म्हणून मी कपाळाला हात लावला. पण भांडत भांडतच त्यांनी पाव कापला आणि एकमेकांच्या ताटात वाढला.

रविवार, २२ नोव्हेंबर

सकाळी अंगणात गेलो. अलायदाने मोडलेल्या कुंपणाला मोठं खिंडार पडलं आहे. दोघं म्हातारे त्यात उभे, पाइप ओढत होते. आज तोंडं एकाच दिशेला, ओकच्या झाडाकडे. मी हातोडा आणि तार घेऊन गेलो. म्हणालो, "बाजूला व्हा, दुरुस्त करून टाकतो. नाहीतर डुकरं इकडची तिकडे जातील."

"हात लावू नकोस!" दोघं एकदम ओरडले.

माझं काय चुकलं कोण जाणे. चांगली तार होती, नवी. मी हातोडा ठेवला, हात धुतले, आणि वही घेऊन माझ्या खुर्चीकडे आलो. खुर्चीत डीक्स बसला आहे. म्हणतो, सहज.